पानिपतचा माल आणि दूरचे गिऱ्हाईक

मराठी वाचकाच्या मनात पानिपत हे नाव 14 जानेवारी 1761 ह्या एका दिवसाशी इतके घट्ट बांधले गेले आहे, की सर्वनाशाला ‘पानिपत होणे’ असे म्हणण्याचा प्रघातच आपल्या भाषेत पडला. त्या दिवसापूर्वी 1526 आणि 1556 मध्येही ह्याच मैदानावर दिल्लीच्या सत्तेचा निकाल लागला होता. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटर अंतरावर, जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर वसलेले हे शहर आज मात्र रणभूमी म्हणून नव्हे, तर विणकरांचे नगर म्हणून ओळखले जाते. ब्लँकेटे, दऱ्या, पायपुसणी, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे आणि गालिचे ह्यांची येथून देशभर व परदेशांत रवानगी होते. ह्या मालाचा विक्रीमार्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत झपाट्याने बदलला. पूर्वी जो माल घाऊक व्यापाऱ्यामार्फत दुकानात आणि दुकानातून घरात जाई, तो आता मोबाईलवरील चित्र पाहून मागवला जातो. हा बदल लहान कारखानदाराला तारणारा आहे की त्याचे ‘पानिपत’ करणारा आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ह्या गावाच्या धंद्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

विणकामाची परंपरा

फाळणीपूर्वीही पानिपतमध्ये लोकरीची कांबळी विणली जात. 1947 मध्ये येथील मुसलमान विणकर मोठ्या संख्येने पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून निर्वासित येथे आले. त्यांत विणकरही होते. खेस, म्हणजे जाड सुताची दुहेरी विणीची चादर, आणि पंजा दरी ही हातमागाची दोन उत्पादने पुढे पानिपतच्या नावाशी जोडली गेली. आडवा धागा ठोकून बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बोटांसारख्या दात्यांच्या लोखंडी हत्यारास पंजा म्हणतात. त्यावरून ह्या दरीला तिचे नाव मिळाले. विणकर सेवा केंद्रासारख्या शासकीय संस्थांनी नव्या नमुन्यांना व रंगकामाला साहाय्य केले. पुढे यंत्रमाग आले आणि हातमागांची संख्या घटत गेली. आज हरियाणा, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल अशा विविध प्रांतांतील कामगार येथील कारखान्यांत काम करतात.

पानिपतचा दुसरा व्यवसाय जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतो. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांपासून येथे सूत काढले जाते. ह्या सुताला ‘शॉडी’ म्हणतात. ही युक्ती इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील बॅटली गावच्या बेंजामिन लॉ ह्याने 1813 मध्ये शोधून काढली असे मानले जाते. इटलीतील प्रातो हे ह्याच धंद्याचे आणखी एक जुने केंद्र होय. जुने कपडे गुजरातमधील कांडला बंदरात उतरतात. वापरता येण्याजोगे कपडे भारताच्या बाजारात येऊ नयेत म्हणून ते फाडून चिंध्यांच्या स्वरूपात पुढे पाठवण्याचा नियम आहे. पानिपतमध्ये बायका उभ्या पात्यावर ह्या कपड्यांची बटणे, चेन आणि अस्तरे कापून काढतात. मग लाल, निळा, तपकिरी, काळा अशा रंगांनुसार ढीग लावले जातात. ही निवड काळजीपूर्वक झाली, तर सुताला पुन्हा रंग देण्याची गरज उरत नाही, आणि रंगकामाला लागणारे पाणी व रसायनेही वाचतात. त्यानंतर यंत्रात चिंध्या फाडून, पिंजून त्यांचे सूत कातले जाते व त्या सुताची ब्लँकेटे विणली जातात. भूकंप, पूर आणि युद्ध ह्यांनी बेघर झालेल्या लोकांना मदत म्हणून वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे दीर्घकाळ येथूनच मोठ्या प्रमाणावर जात असत.

ह्या धंद्याला उतरती कळा लागली ती पॉलिएस्टरमुळे. फ्लीस आणि ‘मिंक’ ह्या नावाने विकली जाणारी मऊ, हलकी, झळझळीत रंगांची ब्लँकेटे आधी चीनमधून आली आणि नंतर पानिपतमध्येच तयार होऊ लागली. मदतसंस्थांनीही फ्लीसला पसंती दिली. शॉडीच्या अनेक गिरण्या बंद पडल्या. काहींनी जुन्या सुती कपड्यांपासून सूत काढण्याचा मार्ग धरला. 1 जानेवारी 2023 पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील कारखान्यांत कोळसा जाळण्यावर बंदी आली आणि त्यामुळे इंधनाचा खर्च वाढला. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा निर्यातीवर विसंबलेल्या कारखानदारांना देशातील गिऱ्हाइकाचे महत्त्व नव्याने जाणवले.

गिऱ्हाईक काय विकत घेते

भारतातील ऑनलाइन विक्रीचा इतिहास अल्प आहे. बंगळूर येथे 2007 मध्ये स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने प्रथम पुस्तके विकली. पुस्तकाची निवड सोपी असते. नाव आणि लेखक ठाऊक असला की फसवणुकीचा संभव उरत नाही. 2010 मध्ये ह्या संस्थेने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली. बँकेचे कार्ड नसलेल्या, किंवा असूनही न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला ह्या सोयीने बाजारात आणले. 2013 मध्ये ॲमेझॉनने भारतात विक्रीमंच उघडला. 2015 मध्ये सुरू झालेल्या मीशोने लहान गावांतील कमी किमतीच्या मालाकडे लक्ष वळवले. 2016 मध्ये यूपीआय आल्यानंतर मोबाईलवरून पैसे देणे भाजीवाल्यालाही परिचित झाले.

जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले तरी हाच क्रम दिसतो. नायजेरियात 2012 मध्ये जुमिया आणि कोंगा हे दोन विक्रीमंच सुरू झाले. तेथील गिऱ्हाइकानेही मोबाईल, विजेची उपकरणे, कपडे आणि सौंदर्यप्रसाधने ह्यांना प्रथम पसंती दिली; तेथेही माल हाती पडल्यावर पैसे देण्याची प्रथा रूढ झाली. पत्ते अस्पष्ट असल्याने पार्सल घरी पोहोचवणे कठीण जाई, म्हणून गिऱ्हाइकाने स्वतः येऊन माल न्यावा अशी ठाणी उघडण्यात आली. अनेक लहान विक्रेत्यांनी तर मोठ्या मंचांऐवजी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हेच आपले दुकान मानले. पाश्चात्त्यांचे वापरलेले कपडे तेथे ‘ओक्रिका’ ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. ह्याच जुन्या कपड्यांच्या जागतिक व्यापारात जे अंगावर घालण्याजोगे असते ते आफ्रिकेच्या बाजारांत जाते आणि जे फाडले जाते ते पानिपतच्या यंत्रात पडते. लागोस आणि पानिपत ही शहरे अशा रीतीने एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

ह्या दोन्ही देशांच्या अनुभवातून एक साधे तत्त्व निघते. न पाहिलेली वस्तू विकत घेताना माणूस तीन प्रश्न विचारतो: वस्तू चित्राप्रमाणे निघेल काय, वेळेवर येईल काय, आणि न आवडल्यास पैसे परत मिळतील काय? ज्या वस्तूंच्या बाबतीत ह्या प्रश्नांची उत्तरे सहज मिळतात, त्या आधी विकल्या जातात. पानिपतचा माल ह्या दृष्टीने सोयीचा आहे. चादर फुटत नाही, नासत नाही, आणि सदऱ्यासारखी ती अंगाला घट्ट किंवा सैल होण्याचाही प्रश्न नाही. परंतु तिचा स्पर्श चित्रात दिसत नाही, रंग पडद्यावर निराळा भासतो आणि जाडीचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. अशा मालाच्या ऑनलाइन विक्रीत ह्या तीन गोष्टींतून तंटे उद्भवू शकतात.

मागणीला ऋतूही असतो. दसरा-दिवाळीच्या आधी पडदे, चादरी व अभ्रे ह्यांची विक्री वाढते. थंडी पडू लागली की ब्लँकेटे आणि दुलया. जो कारखानदार नोव्हेंबरात सूत शोधू लागतो, त्याचा हंगाम हातचा गेलेला असतो. ब्लँकेटाचे उत्पादन उन्हाळ्यातच सुरू करावे लागते, आणि त्यासाठी भांडवल अडकवून ठेवण्याची ताकद हवी. लहान धंद्याची खरी अडचण येथेच आहे.

शंभर पार्सलांचा हिशेब

ऑनलाइन विक्रीत दलाल नाहीसा होतो, असा एक समज आहे. वास्तविक दलाल नाहीसा होत नाही; तो रूप बदलतो. हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. समजा, एका ब्लँकेटाची किंमत कर वगळून 700 रुपये आहे. तयार करण्याचा खर्च 420 रुपये, बांधणावळ 15 रुपये, मंचाची दलाली व इतर आकार 105 रुपये आणि पाठवणावळ 80 रुपये धरली, तर एकूण खर्च 620 रुपये होतो व 80 रुपये उरतात. घाऊक व्यापारी इतका नफा क्वचितच देतो, असे कारखानदाराला वाटते आणि तो आनंदाने शंभर पार्सले रवाना करतो.

त्यांपैकी वीस परत आली असे समजू. कोणी दारात पैसे देण्यास नकार दिला, कोणाला रंग आवडला नाही, कोणाचा पत्ता सापडला नाही. परत आलेल्या प्रत्येक पार्सलामागे जाण्याचे 80, येण्याचे 60 आणि बांधणावळीचे 15 असे 155 रुपये वाया गेले. म्हणजे वीस पार्सलांचे 3,100 रुपये. विकल्या गेलेल्या ऐंशी ब्लँकेटांचा नफा 6,400 रुपये होता. त्यातून आता 3,300 रुपये उरले. परतलेल्या मालापैकी चार ब्लँकेटे मळलेली किंवा फाटलेली निघाली, तर आणखी 1,680 रुपये गेले. मंचावर आपला माल वरच्या बाजूस दिसावा म्हणून विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे जाहिरातीचे 20 रुपये दिले असतील, तर 1,600 रुपये त्यात वजा होतात. शिल्लक राहतात अवघे 20 रुपये. शंभर पार्सले बांधून वीस रुपये!

आता एकच गोष्ट बदलून पाहावी. परत येणारी पार्सले वीसऐवजी दहा झाली आणि त्यांत खराब दोन निघाली, तर नव्वद नगांचा नफा 7,200 रुपये होतो. त्यातून परतीचे 1,550, खराब मालाचे 840 आणि जाहिरातीचे 1,800 रुपये वजा जाता 3,010 रुपये हाती राहतात. किंमत वाढवली नाही, मजुरी कापली नाही, सूत हलके वापरले नाही. केवळ परतीचे प्रमाण निम्म्यावर आले. लहान विक्रेत्याचे जगणे-मरणे किमतीपेक्षा ह्या प्रमाणावर अधिक अवलंबून असते, हे ह्या हिशेबावरून स्पष्ट होईल.

परती कशा कमी कराव्यात

परतीचे एक कारण वर्णनातील अतिशयोक्ती हे होय. म्हणून मालाचे वर्णन म्हणजे जाहिरात नव्हे, तो एक करार आहे, असे समजून लिहावे. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि फुटांमध्येही द्यावी; वजन तराजूवर पाहून लिहावे; धागा कोणता, हे स्पष्ट सांगावे. पॉलिएस्टरला ‘लोकर’ म्हणणे आणि यंत्रमागाच्या दरीला ‘हातमाग’ म्हणणे ह्यांनी पहिली विक्री होते, पण दुसरी होत नाही. अस्सल हातमागाच्या मालासाठी 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ ही खूण उपलब्ध आहे. शॉडीचे ब्लँकेट जुन्या कपड्यांपासून केलेले आहे हे लपवण्याचे तर काहीच कारण नाही. टाकाऊतून टिकाऊ वस्तू घेण्यात समाधान मानणारा गिऱ्हाइकांचा वर्ग आता निर्माण झाला आहे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे. एक चित्र पूर्ण वस्तूचे, एक विणीचे जवळून आणि एक पलंगावर अंथरलेल्या स्थितीतील असले, म्हणजे आकाराची कल्पना येते.

नावाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न महाराष्ट्राला परिचित आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनाचे कायदेशीर संरक्षण आहे. तरीही तिच्या नावाखाली अन्यत्र, विशेषतः पानिपतमध्ये, तयार झालेला स्वस्त माल विकला जातो, अशी सोलापूरच्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. दुकानात गिऱ्हाईक निदान चादर हातात घेऊन पाहू शकते. पडद्यावर त्याच्यापाशी नावाखेरीज काहीच नसते. उसन्या नावाने विकणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते: सोलापूरच्या विणकराचा घास जातो, आणि पानिपतच्या विणकराची स्वतःची ओळख कधीच उभी राहत नाही. ज्या गावाची पंजा दरी आणि खेस स्वतःच्या नावाने विकली जाऊ शकतात, त्याने दुसऱ्याच्या नावाचा आश्रय का घ्यावा?

बांधणीकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. कुरिअर संस्था केवळ प्रत्यक्ष वजन पाहत नाहीत. पार्सलाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून, त्या गुणाकाराला बहुधा 5,000 ने भागून येणारे ‘आकारमानी वजन’ काढतात आणि दोहोंपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. दोन किलोचे ब्लँकेट 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरच्या खोक्यात घातले, तर त्याचे आकारमानी वजन 4.8 किलो भरते. तेच हवा काढून घेतलेल्या पिशवीत दाबून उंची 8 सेंटिमीटरवर आणली, तर 1.92 किलो. हवेचे भाडे भरणे टाळण्याचा हा साधा उपाय आहे.

कायदा आणि कागदपत्रे

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये लागू झाले. त्यांनुसार सदोष, बनावट अथवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यासही मनाई आहे. मालाचा मूळ देश आणि परतीच्या अटी स्पष्टपणे देणे बंधनकारक आहे. लहान विक्रेत्याला हे नियम जाचक वाटण्याचा संभव आहे. पण अनोळखी गिऱ्हाईक अनोळखी विक्रेत्याकडून माल घेण्यास धजते ते ह्याच नियमांच्या भरवशावर.

वस्तू व सेवा कराची नोंदणी पूर्वी मंचावर माल विकणाऱ्या प्रत्येकाला सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून ठरावीक मर्यादेखाली उलाढाल असलेल्या विक्रेत्याला आपल्या राज्याच्या हद्दीत नोंदणीशिवाय मंचावर माल विकण्याची मुभा मिळाली. परंतु पानिपतच्या विणकराचे गिऱ्हाईक हरियाणापुरते मर्यादित नसते. पुण्याला किंवा नागपूरला माल पाठवायचा असेल, तर नोंदणी हवीच. ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. ती असली की बँकेचे कर्ज आणि लघुउद्योगांसाठीच्या योजना मिळणे सुलभ होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यान्वये लहान उद्योगाकडून माल घेणाऱ्या खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे दिले पाहिजेत, हे घाऊक व्यापाऱ्यालाही माल विकणाऱ्या कारखानदाराने ध्यानात ठेवावे.

एका मंचावर सर्व भार टाकू नये

एका घाऊक व्यापाऱ्यावर विसंबून असलेला विणकर त्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगत असे. तोच विणकर एका मंचावर विसंबला, तर मालक बदलला, अवस्था तीच राहिली. दलालीचे दर वाढले किंवा मालाचे पान खाली ढकलले गेले, तर त्याला दाद मागणे कठीण जाते. म्हणून विक्रीचे मार्ग अनेक असावेत. सरकारी कार्यालये, रुग्णालये व वसतिगृहे ह्यांना लागणाऱ्या चादरी-ब्लँकेटांसाठी 2016 मध्ये सुरू झालेली जेम ही शासकीय बाजारपेठ आहे. कोणत्याही एका मंचाची मक्तेदारी होऊ नये ह्या उद्देशाने 2021 च्या अखेरीस ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली. परदेशी लहान पार्सले पाठवण्यासाठी टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. ह्यांशिवाय जुन्या गिऱ्हाइकांची, त्यांच्या संमतीने ठेवलेली, यादी आणि त्यांना हंगामापूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलेले नव्या नमुन्यांचे चित्र ह्यांची किंमत कोणत्याही जाहिरातीपेक्षा कमी नाही.

हे सर्व एकट्या विणकराला झेपणे अवघड आहे. माग चालवणारा हात आणि पार्सलाचा हिशेब ठेवणारे डोके बहुधा एकाच माणसाचे असते, आणि दिवसाचे तास वाढवता येत नाहीत. अशा वेळी पाच-दहा लहान घटकांनी एकत्र येऊन छायाचित्रे, बांधणी, हिशेब आणि गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार ह्यांसाठी एक सामाईक व्यवस्था उभारणे हिताचे ठरते. महाराष्ट्राने सहकाराचा हा मार्ग ऊस आणि दूध ह्या क्षेत्रांत चोखाळला आहे. विणकरांच्या सहकारी संस्थाही देशभर स्थापन झाल्या. त्यांपैकी ज्या अपयशी ठरल्या, त्यांना बहुधा विक्रीची बाजूच सांभाळता आली नाही. दूरचे गिऱ्हाईक आता विणकराच्या दाराशी आले आहे. त्याला एकदा माल विकणे सोपे आहे. ते पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच दारी येते की नाही, ह्यावर ह्या धंद्याचे भवितव्य ठरणार आहे. आणि त्यासाठी वर्णनाप्रमाणे वजन, चित्राप्रमाणे रंग आणि सांगितल्याप्रमाणे धागा ह्यांहून वेगळे भांडवल लागत नाही.